निळा जाईपर्यंत

मार्च. पाणी कमी, वास जास्त.
अंकलीच्या पुलाखाली शिंगाडे उलटे पडलेत,
पुलावर मोटारसायकली थांबवून माणसं
नाकाला रुमाल लावून मोजतायत.
मी मोजत नाही. मी दोरीनं बादली सोडते,
वर ओढते, बाटलीत ओतते, बुच लावते.
एकोणीस वर्षं हेच. हात आपोआप चालतो.

खाली, हद्दीपलीकडे,
हेच पाणी दुसऱ्या दिवशी गंगव्वा बडिगेर भरते.
तिचं ऑफिस अथणीला, माझं मिरजेला.
मध्ये एक दगड आहे, चुना उडालेला,
शेळ्या राखणारी पोरं त्याला पाठ टेकून जेवतात.

तीन वर्षं आमची ओळख आकड्यांपुरती होती.
पाण्यातला प्राणवायू: माझा तीन पॉइंट सहा,
तिचा दोन पॉइंट एक.
सांगलीच्या बैठकीत आमचे साहेब म्हणाले, त्यांचं सामान जुनं.
तिचे साहेब कन्नडमध्ये बराच वेळ बोलले.
दुभाष्यानं सांगितलं, "साहेब म्हणतात, बघू."
टेबलावर प्रत्येकापुढे एक बाटलीबंद पाणी.
लेबल वाचलं मी. नदीचं नाव नव्हतं.

दुपारी विषय पुढे सरकला:
उन्हाळ्यात कोयनेतून तुम्हाला किती,
बदल्यात जतच्या कोरड्या गावांना तुमच्याकडून किती.
आकडे टीएमसीत. हजार कोटी घनफूट, लाख कोटी घनफूट.
मागच्या खुर्चीवरचे उमदीचे सरपंच उठले, म्हणाले,
"आमच्यात एका घरी आठवड्याला पाच घागरी.
ते टीएमसीत किती होतं, सांगता का कुणी?"
कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे होता.
इतिवृत्तात आलं: चर्चा सकारात्मक झाली.

जिन्यात गंगव्वा भेटली. माझ्याएवढीच,
बोटांवर माझ्यासारखेच आयोडीनचे डाग.
मोडक्या मराठीत म्हणाली, "रेहानाबाई,
आकडा खरं कुणाचं? चला की, बघू."

मग एका मंगळवारी, कुणाचंही पत्र न घेता,
ईश्वर अंबीच्या नावेत आम्ही दोघी.
मी सवयीनं बादली सोडली. तिनं मनगट धरलं.
वरून ओततेस तेव्हा
हवा मिसळते त्यात, खुणेनंच सांगितलं.
माझा चेहरा तापला. एकोणीस वर्षं
मी नदीला थोडा श्वास पदरचा देत होते.
मग मी विचारलं, तू औषध कधी घालतेस?
ती म्हणाली, ऑफिसात. जीप दोन तास.
दोन तासांत त्या बाटलीत घाण
उरलासुरला प्राणवायू खाऊन बसत होती.
तीही गप्प झाली.
ईश्वर हसला. "म्हंजे दोघीबी चुकल्या,
आन् भांडले सायब लोक."

बाटली पाण्याखालीच भरली, तिरकी धरून,
एक बुडबुडा आत न जाऊ देता.
औषध तिथंच घातलं, डुलत्या नावेत.
तपकिरी साका हळूहळू तळाला बसला.
काठावर, बाभळीखाली, स्टँड लावला.
आम्ल घातलं तसा साका विरला.
थेंब. थेंब. रंग चहासारखा, मग गवतासारखा.
मी स्टार्च घातला, सगळं गर्द निळं झालं.
आता बोलायचं नाही.
थेंब.
निळा पातळ झाला, थरथरला,
थेंब,
गेला.
"साकु," ती म्हणाली. "बास," मी म्हणाले.
त्याच थेंबाला, दोघी.

दोन पॉइंट आठ.
माशाला पुरत नाही एवढ्यात.
मळी कुठल्या नाल्यातून आली ते अजून कुणी लिहीत नाही,
उमदीला टँकर आजही उशिरा आला असेल.
पण एका कागदावर दोन सह्या झाल्या,
एक कन्नडमध्ये, एक मराठीत,
आणि आकडा दोन्हीकडे तोच.

साहेबांनी फाईल बघून विचारलं,
ही पद्धत कुणाची? त्यांची की आपली?
मी बोटांवरचा डाग साबणानं घासत होते.
निघत नव्हता.
म्हटलं, सर, नावेतली.