फांद्या

नाकोंडेच्या नाक्यावर चौथा दिवस.
काल रांग दोन ट्रकांनी सरकली. आज नाही.
पाठीवर कोल्वेझीचं तांबं, एकतीस टन,
आणि कागदांत एक शिक्का कमी.
लुगानो ट्रेलरच्या सावलीत कोळसे फुंकतोय.
उगाली शिजेपर्यंत मी आरसा पुसतो.
आरशात, मागच्या ट्रकमध्ये,
कुणीतरी आरसाच पुसत असतो.

रात्री दारावर दोन बोटं वाजतात.
पिवळा कॅन घेऊन एक पोरगा.
बोलत नाही, नुसता कॅन वर धरतो.
वीस लिटर. टाकीतलं डिझेल मालकाचं यंत्र
दार-एस-सलाममध्ये बसून मोजतं म्हणे,
कधी मोजतं, कधी त्यालाही डुलकी लागते.
अतुपेलेची फी येत्या सोमवारी.
मी काच वर घेतली.
गेल्या वर्षी घेतली नव्हती,
तेही सांगून टाकतो.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, शिक्का.
एवढासा. निळा. थोडा पुसटच.

म्बेयात माझं घर रस्त्यापासून बाराशे पावलांवर.
थांबलो तर बंदरातला नंबर जातो,
नंबर गेला की आणखी तीन दिवस, स्वतःच्या खर्चाने.
म्हणून फक्त हॉर्न, दोनदा.
तुसेकिले म्हणते, तुझा बरोब्बर ओळखू येतो.
दिवसाला सहाशे ट्रक जातात इथून.
मी खात्री करून घेतलेली नाही.

किटोंगाचा घाट.
म्वासोमोला म्हातारा सांगायचा,
ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर,
घाई असलेले सगळे खाली दरीत भेटतील.
ब्रेकचा वास आला तेव्हा
मी ब्रेकवरून पाय उचलला.
एकतीस टन पाठीत ढुशी देत होते
आणि पाय वर.
हे कुणाला समजावून सांगता येत नाही.
लुगानोने गाणं अर्धवट सोडलं होतं,
तळाशी पोचल्यावर दुसरंच सुरू केलं.

मग गोरखचिंचांची खोरी. अंधार.
दिव्यांच्या कडेला, रस्त्यावर, फांद्या.

इथे कुणाचा ट्रक बंद पडला
की झाडाच्या फांद्या तोडून मागे अंथरतात,
पन्नास पावलांवर एक, शंभरावर एक:
हळू, पुढे माणूस अडकलाय.
मी पाचवरून तिसऱ्यावर आलो.
थांबायचं का हे अजून ठरलं नव्हतं.
गेल्या महिन्यात अशाच फांद्यांपाशी
थांबलेल्याचे टायर, फोन, बूट, सगळं गेलं.
आणि त्याच्या आधी कधीतरी, मकम्बाकोजवळ,
मीच होतो फांद्यांच्या पलीकडे,
एकेक दिवा जवळ येताना मोजत.
तेरावा थांबला.

पण पुढे कुणी नव्हतं.
डांबरावर तेलाचा डाग, जॅकखालचा दगड,
पानं केव्हाच सुकून कुरकुरीत.
माणूस सुटला, घरी गेला, कदाचित नवा टायर घेतला,
आणि त्याची अडचण तशीच रस्त्यावर ठेवून गेला.
किती जणांनी इथे उगाच गिअर बदलला असेल.

मिकुमीच्या आधी झोपायचं होतं मला,
जंगलात थांबता येत नाही.
पाठीचा कणा म्हणत होता, चाक घाल आणि चल.
लुगानोने दार उघडलं,
काही न विचारता खाली उडी मारली.
एकेक फांदी गोळा केली,
कडेला फेकेल असं वाटलं,
पण आणून ट्रेलरच्या दोरीत खोचली.

हे कशाला रे?

म्हणाला, असू दे, म्झे.
आपल्याला तोडायला झाड मिळेलच असं नाही.

सकाळी पाहिलं तर एकही पान उरलं नव्हतं.
काटक्या तेवढ्या होत्या.
त्यावर त्याने चहा केला.
दोन ठेवल्या.