चिकटण्याआधी

भुसावळच्या कॉलेजात, पंख्याच्या घरघरीखाली
मी फळ्यावर समुद्र काढते.
निळा खडू संपलाय, पांढऱ्यानेच भागवते.

बार्नॅकलचं पिल्लू, सांगते, तिळाएवढंही नसतं.
प्रवाह नेईल तिकडे जातं, हर्णैचं जयगडला,
बहुतेक मात्र कुठेच नाही.
पोचलंच, तर खडक चाचपतं,
आपल्यातलं कुणी आधीच राहतंय का, हुंगतं,
मग डोकं चिकटवतं. कायमचं.
पुढे जन्मभर पायांनी जेवतं.

पोरं हसतात.
मागच्या बाकावरून दीपमाला तायडे :
"मॅडम, अन् नाही आवडलं तं?"

बाहेर यार्डात डबे आदळतात.

एकतीस वर्षांपूर्वी
खोली बघायला आले, तेव्हा
जिन्यातच थांबले होते मी.
वरच्या मजल्यावर कुणीतरी
सुकट भाजत होतं.