दोन की तीन

ओउलूच्या इस्पितळाखाली, तळघरात,
जिथे जानेवारीतला दिवस वरच्या वर येऊन जातो
आणि खाली कुणाला पत्ता लागत नाही,
राइली युलितालो मेण कापते आहे.

मेणात माणसं नाहीत, माणसांचे तुकडे आहेत,
सुपारीच्या खांडाएवढे.
कुणाच्या आतड्यातली गाठ, साल ब्याण्णव, त्र्याण्णव.
खणांत क्रमांक. नावं वरच्या मजल्यावर, कुलपात.

चार मायक्रॉन. चाक फिरतं, पात्यावरून
पापुद्र्यामागून पापुद्रा सुटत येतो,
शेपटीला शेपटी धरून.
ब्रशच्या टोकानं ती तो कोमट पाण्यावर सोडते.
सुरकुती पडली तर हळूच फुंकर घालते.
फुंकर कुठल्याही कार्यपद्धतीत लिहिलेली नाही.

मग रंग.
एन्झाइम असेल तिथे तपकिरी, नसेल तिथे नुसता निळा.
त्याचा स्वतःचा काही गुन्हा नाही.
निरोगी पेशीत तेही बिचारं राबतंच:
जखम भरायची तर आधी जुनी वीण उसवावी लागते,
तेवढी उसवतं, थांबतं.
गाठीत त्याला पुरे म्हणणारं कुणी उरत नाही.

तर प्रश्न एवढाच, किती तपकिरी?
शून्य, एक, दोन, तीन.
दोन डॉक्टर, दोन खोल्या, एकमेकांना न विचारता.
सारेला म्हणतात, दोन.
सिल्या राउताकोस्की म्हणते, तीन.
तू कॉफी पातळ पितेस, ते म्हणतात,
म्हणून तुला सगळंच गडद दिसतं.
अडीच तक्त्यात नाही.
मग एकाच सूक्ष्मदर्शकाला दोघं चार डोळे लावून बसतात
आणि तीस वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी भविष्य
जेवणाच्या सुट्टीआधी ठरतं: दोन.

एप्रिलमध्ये आलेख येतो.
एका उंबऱ्यावरून निघालेले दोन जिने.
फिक्यांचा सावकाश उतरतो,
गडदांचा घाईघाईनं, पायरी चुकल्यासारखा.
प्रत्येक पायरीखाली कुणीतरी.
आणि मध्येच कठड्यावर बारीक उभ्या रेघा:
ज्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही, ते.
कुणी स्वीडनला गेलं, कुणी त्याहून लांब.
राइलीला या रेघा आवडतात.
निघून गेलेले निदान चालत तरी गेले.

सिल्या खूष आहे. फरक खरा आहे,
दोनशे सदुसष्ट जणांबद्दल आता काही म्हणता येईल.
"आणि एकाबद्दल?"
राइली सहज विचारते, हातमोजे काढता काढता.
सिल्या कप खाली ठेवते.

२१४. तीन, गडद तीन, दोघांचं न भांडता एकमत.
जिवंत. ऐंशी उलटलेली, केमीच्या बाजूला कुठेतरी.
नोंदवहीला एवढंच ठाऊक.
८८. शून्य. निळाशार,
बघत राहावं असा.
अकरा महिने.

"एकाबद्दल नाही," सिल्या म्हणते, जरा वेळानं.

राहिला १३१.
त्याच्या काचेवर तपकिरी नाही, निळाही नाही.
राइली पुन्हा ठोकळा काढते, उजेडाकडे धरते.
मेणातून पलीकडची खिडकी दिसते.
आधीच्या डॉक्टरांना दुसरं एन्झाइम हवं होतं,
त्याआधीच्यांना तिसरंच काही,
प्रत्येकानं पाच-सहाच पापुद्रे मागितले होते.
बरेचसे हिनंच कापून दिले होते.
त्या माणसाचं जे काही इथे होतं
ते विचारून विचारून संपलं.

तक्त्यातल्या घरात काय लिहायचं?
शून्य नाही.
शून्य म्हणजे पाहिलं, आणि नव्हतं.
ती एक आडवी रेघ ओढते,
मग वाटतं फार लांब झाली, खोडून लहान करते.

रिकामं मेण फेकून द्यायला हरकत नाही, नियम तसा आहे.
ती ते १३० आणि १३२च्या मध्ये ठेवते.
खण नेहमीसारखा अर्ध्यात अडतो.
गुडघ्यानं ढकलावा लागतो.