आधी ठोकळे

आधी ठोकळे, इनेस म्हणते,
मग पाणी, मग आग.
जूनपासून हे इतक्यांदा ऐकलंय
की झोपेतही माझा हात
सीटमागच्या खणात जातो,
पिवळं रबर चाचपतो.

ओवायहीच्या डोंगरात सपाट असं काही नसतं.
रस्ता म्हणजे काल बुलडोझरनं ओरबाडलेला पट्टा,
दोन्हीकडे सेजची करडी झुडपं,
वास असा, की शेजारच्या खोलीत
औषधाची बाटली फुटलीय.
तिथं गाडी उभी करायची.
पाचशे गॅलन पाणी पोटात,
तोंड परतीच्या वाटेकडे,
पुढची चाकं दरडीकडे मुरडलेली,
हातब्रेक पार शेवटपर्यंत ओढलेला.
आणि तरीही.

"ब्रेक माणसानं केलाय," इनेस म्हणते,
"उतार कुणी केलेला नाही."
तिचा आजोबा बास्क मुलखातून आला होता मेंढ्यांमागे.
घोडे सोडायच्या आधी
छकड्याच्या चाकाला दगड लावायचा,
मग घोड्यांशी बोलायचा,
माणसांशी त्यानंतर, जमलं तर.
एवढंच तिला आठवतं त्याचं.
आणि तंबाखू.

चौदा ऑगस्ट. दुपारी दोनला वारा फिरला.
रेडिओवर तिघं एकदम बोलू लागले,
मी उडी मारली, नळी खांद्यावर घेतली
आणि धावले.
एक ठोकळा लावला होता. खरं सांगते, एकच,
तोही पायानं ढकलून.
दुसरा माझ्या हातात आहे हे
मला शंभर फूट खाली गेल्यावर कळलं.
वर पाहिलं तर इनेस गुडघ्यावर बसलेली,
मागच्या चाकाशी, पाठमोरी,
आणि आमच्यामध्ये धूर.

पंप सुरू असला की गाडी थरथरते.
थरथर चाकात उतरते, चाकातून मातीत,
आणि माती इथं पिठासारखी, धरून ठेवत नाही कुणाला.
पाणी संपत जातं तशी गाडी हलकी होते,
स्प्रिंगा उचलतात, अंग सैल सोडतात.
आम्ही सगळे तेव्हा आगीकडे बघत असतो.
आगीकडे बघावंच लागतं.
गाडीकडे पाठ.

खाली, गाडीच्या बरोब्बर रेषेत,
जळून काळ्या झालेल्या जमिनीवर
मर्ल हेल्मेटवर बसला होता,
बोटांनी डब्यातले पीच खात.
काळी जमीन सुरक्षित, असं शिकवतात.
जळायचं ते जळून गेलेलं असतं तिथं.

संध्याकाळी नळ्या गुंडाळताना दिसलं.
माझा ठोकळा आडवा पडला होता, चाकापासून हातभर लांब.
दुसऱ्या चाकाखाली
इनेसनं ठोकळा नाही, खडक सरकवला होता,
काळा, बसाल्टचा, भाकरीएवढा,
आणि गाडी त्याच्यावर चढायला निघाली होती.
रबराचा ठसा दगडावर स्पष्ट,
टायरची नक्षी नि नक्षी.
मागे मातीत चार बोटं लांब घसट.
चार बोटं.
मी मोजली. मग पुन्हा मोजली.

इनेसला बोलावलं नाही, पण ती आली.
वाकून बघितलं, नाकातून श्वास सोडला,
माझ्या हातातला पिवळा ठोकळा घेतला.
दिवसभर तो कमरेच्या पिशवीत होता,
पाण्याच्या बाटलीशेजारी.
मला वाटलं, आता बोलेल.
तिनं खिशातून दोर काढला,
एक टोक ठोकळ्याच्या कडीत ओवलं,
दुसरं ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीला बांधलं.
गाठ मला घालायला लावली.
सुटली. परत घालायला लावली.

आता दार उघडायचं तर आधी दोर हातात येतो.
खडक निघेना.
गाडी वीतभर वर चढवावी लागली, तेव्हा कुठं सुटला.
इनेसनं तो उचलून सीटखाली टाकला,
का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"निघताय का?" खालून मर्ल ओरडला.
डबा अजून हातात, पाक प्यायला ठेवलेला.

"थांब," मी ओरडले.
"बाजूला हो तू आधी.
तिकडे नको. अजून. अजून."