एक शिलिंग चार पेन्स

वेअरडेलमधलं आमचं चॅपेल विकलं गेलंय.
घेणाऱ्याला भिंतीवरच्या पाटीसाठी दोन ओळी हव्यात,
म्हणून मी, इथला शेवटचा कारभारी,
पेटी उघडून बसलोय.

गाव सांगतं: टॅबिथा रेन
हिमवादळात डोंगर ओलांडून आली,
कंदील विझला नाही,
आणि शिशाच्या खाणीतल्या गड्यांनी
तिचा पहिला शब्द ऐकताच
दारूची पिंपं ओढ्यात उपडी केली.
माझे काका तर शपथेवर सांगत,
त्या रात्री मासेही झिंगले होते.

हिशेबाच्या वहीत वादळ नाही.
मेणबत्त्या, दोन पेन्स.
टी. रेनच्या बुटांना नवे तळ, एक शिलिंग चार.
पुन्हा तळ.
पुन्हा. एका हिवाळ्यात तीनदा.

आणि बहिणीला लिहिलेलं, घडीवर फाटलेलं पत्र:
‘पहिल्या खेपेस मी अर्ध्या वाटेवरून परतले.
अंधाराला भ्याले. देव आठवला तो घरी पोचल्यावर.
पुढच्या खेपेस ऐकायला पाचजण होते,
त्यातला एक घोरत होता.’

मग सभेचा ठराव: बायकांनी उपदेश करू नये.
पुढच्या पानांवर तिचं नाव नाही.
मेणबत्त्या मात्र दर गुरुवारी
‘स्वयंपाकघरासाठी’ खर्ची पडतात.
कुणाच्या, ते लिहिलेलं नाही.
मीही लिहिणार नाही.

कंदील खोडला. पिंपं खोडली,
मासे खोडताना जरा हात अडला.
उरलं ते असं:
ती परत गेली. मग पुन्हा आली.

‘एवढंच?’ घेणारा विचारतो.
खिडकीबाहेर तोच चढ आहे.
तो मोटारीनं आलाय.