गणसंख्या

मागील सभेचं इतिवृत्त वाचलं, कायम केलं.
हजर : सहा.
गैरहजर लिहायला आता कोणी उरलेलं नाही.

वेल्सच्या या पाटीच्या दगडाच्या खोऱ्यात
प्रत्येक मंडळी आपापली धनी.
आमच्यावर ना बिशप, ना मुख्यालय,
ना वरून येणारं परिपत्रक.
पाळक आम्हीच बोलावले, आम्हीच निरोप दिला;
एकाला तर खिडक्यांच्या रंगावरून.
(साल १९३४. हात मोजायला तिघे लागले होते,
आणि दोन सख्खे भाऊ त्यानंतर
मरेपर्यंत वेगवेगळ्या बाकांवर बसले.)

विषय पहिला : छप्पर.
विषय दुसरा : छपराचे पैसे.
तिसरा वाचताना माझाच आवाज मला परका वाटला :
चॅपल कायमचं बंद करावं.
सूचक, इद्वाल.

बुटांकडे बघत त्यानं सूचना मांडली.
खाणीत दोन बोटं गेलेला त्याचा हात
वर झाला, की मी मत पूर्ण एकच धरत आले.
नेस्टानं अनुमोदन दिलं, मग डोळे टिपले;
म्हणाली, चष्म्याचा त्रास.

म्यूरिगनं नियमांची वही उघडली.
त्याच्या पणजोबाचं अक्षर, शाई तांबूस झालेली :
मंडळी विसर्जित करण्यास
किमान सात सभासद समक्ष हजर हवेत.

आम्ही एकमेकांना मोजलं.
पुन्हा मोजलं,
जणू कोणी पडलेलं नाणं शोधायला
बाकाखाली वाकलं असावं.
बादलीत छपराचं पाणी टपकत होतं.
ते धरता येईना.

"वर विचारू या का कुणाला?" तेग्वेन म्हणाली,
आणि सगळ्यांनी खरंच वर पाहिलं.
वर भगदाड.
त्याच्याही वर तो,
ज्यानं आमच्या एकाही ठरावावर
आजवर हात वर केलेला नाही.
त्याचं म्हणे दोघा-तिघांत भागतं.
पणजोबाला सात हवे होते.

म्हणजे बंद करायचं
तर आधी एक माणूस वाढवायला हवा.
त्याची साक्ष ऐकायला हवी,
उजवा हात पुढे करून त्याला आत घ्यायला हवं,
चहा द्यायला हवा,
आणि मग कधीतरी सांगायला हवं
की तुला का बोलावलं.
हे कोण सांगणार, यावर चर्चा झाली.
कोणी तयार झालं नाही.

ठराव तहकूब.

ऐनवेळचा विषय : मोठी बादली आणावी.
सूचक, इद्वाल.
सर्वानुमते मंजूर.