ओळखलं तर जाळायचं

त्या हिवाळ्यात ग्लदानीत वीज नव्हती, गॅस नव्हता,
आणि नवव्या मजल्यावर लाकूड चढवायला लिफ्टही नव्हती.
जमिनीच्या लाकडी पट्ट्या जानेवारीतच संपल्या.
मग नातेलाबाईंची कपाटं.
मग कपाटांतलं.

एकतीस वर्षं त्बिलिसीच्या ग्रंथालयात काढलेल्या बाई.
जाळायचं तर रीतसर, म्हणाल्या.
नियम त्यांचाच: शेवटचं वाक्य वाचायचं.
कादंबरी ओळखली, तर ती कुणाच्या तरी डोक्यात आहे,
कागद मोकळा.
नाही ओळखली, तर परत भिंतीशी.
अनोळखी माणसाला कोण जाळतं?

पुठ्ठे आधीच गेले होते, पुठ्ठा छान पेटतो.
त्यामुळे नाव कुठेच नाही.
वाचायचे वाझाकाका; ट्राम बंद, ड्रायव्हर रिकामा.
थांब्यांची नावं पुकारावीत तसे पुकारायचे:
‘वजनकाट्यावर कुणी नव्हतं, तरी काटा हलला.’
‘तिनं दोन्ही पेले धुतले, एकच पुसला.’
नातेलाबाई तिसऱ्या शब्दाला ओळखत.
साल सांगत, आणि कोणत्या वाचकानं
ते चार वर्षं परत केलं नव्हतं, तेही.
किटली गुणगुणू लागे.

फेब्रुवारीत त्या चुकायला लागल्या.
‘नाही बाई, आठवत नाही.’
ओठ मात्र वाझाकाकांच्या अर्धा शब्द पुढे.
भिंतीशी रास वाढत गेली.
आई गप्प. काका गप्प.
धाकट्या गिगाचा खोकला तेवढा
मधूनमधून काहीतरी ओळखल्यासारखा.

मी अकरा वर्षांची.
दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनीच मला दिलेलं एक पुस्तक,
बाल्कनीत, जर्दाळूंच्या बिया थुंकत वाचलेलं:
भाऊ बर्फात घोडा शोधायला जातो.
घोडा सापडतो. भावाचं सांगत नाहीत.
त्या रात्री काकांनी पुकारलं,
‘खोगिरावरचं बर्फ दुपारपर्यंत वितळलं नव्हतं.’
आणि मी हात वर केला, वर्गात करतात तसा.
शाळा तीन महिने बंद होती, हाताला सवय राहिलेली.
नाव सांगितलं. खणखणीत.

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.
‘बरोबर,’ नातेलाबाई म्हणाल्या.
आणि स्वतः उठून त्यांनी शेगडीचं झाकण उघडलं.

छान पेटलं. खोटं कशाला सांगू,
त्या हिवाळ्यातलं सगळ्यांत छान.
गिगा घामेजून झोपला,
आईनं कितीतरी दिवसांनी बूट काढले.
माझे तळवे तापले होते,
मी ते पाठीमागे धरून बसले.

आता माझ्या घरी दोन हीटर आहेत.
ते पुस्तक मेट्रोजवळच्या दुकानातही मिळतं,
निळ्या कव्हरात, घोडा जरा जाडच काढलाय.
मी मागून उघडते.
काउंटरवरची मुलगी विचारते, ‘वाचलंय का?’
‘नाही गं,’ म्हणते, ‘आठवत नाही.’
ओठ तोवर पुढे गेलेले असतात.